किती सीसीचे इंजेक्टर घेऊ?

"मामा, किती सीसीचे इंजेक्टर घेऊ?" भाचेबुवांनी मार्च महिन्यात एवढाच एका ओळीचा प्रश्न विचारला आणि माझे पुढचे सहा शनिवार त्यात गेले. तक्रार नाही. डेट्रॉईटच्या आसपास राहून गाड्यांशी पोटापाण्याचा काही संबंध नसलेला मी बहुधा एकटाच मराठी माणूस असेन. मी पंपांचंच काम करतो, पण पाण्याच्या. त्यामुळे कुणीतरी गाडीबद्दल आपल्याला काही विचारतंय यातच मी खूश होतो.

गाडी आहे १९९२ची माझ्दा मियाटा. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: दोन माणसांची, छप्पर उघडणारी, बुटकी, खेळण्यासारखी गाडी. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली आणि जुन्या ब्रिटिश रोडस्टर गाड्यांचं सगळं सुख, पण रोज सकाळी सुरूही होते, म्हणून लोक हिच्या प्रेमात पडले. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११६ हॉर्सपॉवर. भाचेबुवांनी दोन उन्हाळे काम करून साठवलेल्या पैशात गाडी घेतली आणि उरलेल्या पैशात कुणाचा तरी वापरलेला टर्बो. टर्बोबरोबर पाइप आले, नटबोल्ट आले. पेट्रोलचं काय करायचं ते मात्र काही आलं नाही.

आता ताईसाठी (ती पुण्यात बसून हे वाचणार आणि रात्री फोन करणार) थोडं सोपं करून सांगतो. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा आली की त्या प्रमाणात जास्त पेट्रोल लागतं. ते मिळालं तर ताकद वाढते. नाही मिळालं तर मिश्रण कोरडं पडतं, आतलं तापमान वाढतं, मिश्रण ठिणगीनंतर आपल्या मर्जीने भडकायला लागतं आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन कडेला वितळतो किंवा त्याचा तुकडा उडतो. याला तास लागत नाहीत. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना काही सेकंद पुरतात. स्फोटबिट काही होत नाही, ताई. फक्त इंजिन जातं. आणि भाचेबुवांकडे दुसऱ्या इंजिनाचे पैसे नाहीत.

म्हणून माझ्या मते टर्बोपेक्षा हा प्रश्न मोठा.

हिशोब तसा किराणा मालाच्या यादीसारखा आहे. किती ताकद हवी ते ठरवायचं. तो म्हणाला २००. (आधी ३०० म्हणाला होता, पण या इंजिनाचे मूळचे कनेक्टिंग रॉड तेवढं फार दिवस सोसत नाहीत हे त्यानेच कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे माझे कष्ट वाचले.) साधं इंजिन पूर्ण जोरात असताना दर हॉर्सपॉवरला तासाला अंदाजे २३० ग्रॅम पेट्रोल पितं. टर्बोवाल्याला जास्त लागतं, कारण त्यातलं काही पेट्रोल ताकदीसाठी नसून आतला जाळ थंड ठेवण्यासाठी असतं. तिथे २७० ग्रॅम धरायचे, कधी त्याहूनही जास्त. २०० गुणिले २७० म्हणजे तासाला ५४ किलो. पेट्रोलची घनता लिटरला पाऊण किलोच्या किंचित खाली, म्हणजे साधारण ७३ लिटर तासाला. चार सिलिंडर, चार इंजेक्टर. प्रत्येकी मिनिटाला ३०४ सीसी.

मग ३०४चे इंजेक्टर घ्यायचे का? नाही. इंजेक्टर म्हणजे एक छोटा विजेवर चालणारा नळ. तो उघडतो आणि मिटतो. डब्यावर लिहिलेला आकडा असतो तो सताड उघडा ठेवलेल्या नळाचा. ७००० फेऱ्यांवर इंजिनाचं एक पूर्ण चक्र १७ मिलिसेकंदांत संपतं. त्यातले १४-१५ मिलिसेकंद नळ उघडा राहिला तर तो पंच्याऐंशी टक्के कामात आहे. त्याच्या वर गेलो की मिटायला धड वेळ मिळत नाही आणि नळ नेमकं किती सोडतोय याचा भरवसा राहत नाही. म्हणून ३०४ला ०.८५ने भागायचं: ३५८. ही झाली कमीतकमी गरज.

हाच हिशोब मी कंपनीच्या मूळ गाडीला लावून पाहिला. ११६ गुणिले २३०, भागिले घनता, भागिले चार, थोडी मोकळीक... उत्तर येतं १९०च्या आसपास. आणि गाडीत मुळात आहेत ते इंजेक्टर दोनशेच्या थोडे वर. बघा! माझ्दाच्या इंजिनियरांनीही हेच गणित केलं असणार आणि वर चिमूटभरच ठेवलं. ते पाहून मला शाळेत गणिताच्या पुस्तकामागचं उत्तर जुळल्यावर व्हायचा तसा आनंद झाला.

भाचेबुवा म्हणाले, "मग मी हजारचेच घेतो ना. पुन्हा कटकट नको."

हे वाक्य मी पाण्याच्या पंपांच्या बाबतीत वीस वर्षं ऐकतोय. मोठं घेतलं की झालं. इंजेक्टरच्या बाबतीत मोठेपणाची किंमत रस्त्यावर नाही, सिग्नलला कळते. गाडी नुसती उभी राहून घुरघुरत असते तेव्हा तिला जेमतेम पेट्रोल लागतं. मूळचा नळ तेवढं सोडायला चक्रामागे दोनेक मिलिसेकंद उघडतो. नळ ५५०चा केला की ते पाऊण मिलिसेकंदाच्या आसपास येतं. हजारचा केला की अर्धा मिलिसेकंदसुद्धा नाही. आणि नळाला वीज मिळाल्यापासून तो खरोखर उघडेपर्यंतच सुमारे एक मिलिसेकंद जातो! हा मेलेला वेळ व्होल्टेज उतरलं की वाढतो. मियाटाच्या हेडलाइट बॉनेटमधून मोटरवर उघडतात. त्या उघडताना बॅटरीवर ताण येतो, मेलेला वेळ थोडा लांबतो आणि अर्ध्या मिलिसेकंदाच्या हिशोबात तो 'थोडा'सुद्धा फार होतो. गाडी गचके देते किंवा बंद पडते. हल्लीचे इंजेक्टर यात पुष्कळ सुधारलेत, आणि चांगला विक्रेता कुठल्या व्होल्टेजला मेलेला वेळ किती याचा तक्ता देतो. तो तक्ता नसेल तर फुकट मिळाले तरी घेऊ नयेत असं माझं मत आहे. पूर्वी मियाटावाल्यांमध्ये आरएक्स-७ गाडीचे जुने ५५० सीसीचे इंजेक्टर लावायची फॅशन होती, कारण ते स्वस्तात मिळत. त्यातले काही कमी रोधाचे असतात. ते मूळ संगणकाला थेट जोडले तर त्याचे ट्रान्झिस्टरच जाळू शकतात.

मूळ संगणकाने तसंही चालणार नव्हतं. ९२च्या गाडीत हवा मोजायला एक झडप असते. ती पूर्ण उघडली की त्यापुढे कितीही हवा आली तरी संगणकाला कळत नाही. म्हणून त्याने मेगास्क्वर्ट घेतला. बोलिंग आणि ग्रिपो नावाच्या दोघांनी २००१च्या सुमारास लोकांनी घरी डाग देऊन बनवावा म्हणून काढलेला हा इंजिनचा संगणक. त्यावर तो आणि त्याचा रूममेट रात्र रात्र बसतात. त्यातलं मला फार कळत नाही.

मला कळतो तो पंप.

आमच्या गावी विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर होती. पाटीवर पाण्याचा एक आकडा होता आणि उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचायचं ते वेगळंच. कारण पाटीवरचा आकडा ठरावीक उंचीचा आणि पूर्ण व्होल्टेजचा. उंची वाढली की पाणी घटतं. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी लागल्या आणि व्होल्टेज पडलं की आणखी घटतं. पेट्रोलचा पंप याहून काही वेगळा नाही. फक्त उंचीच्या जागी दाब म्हणायचं. बाजारात '२५५'चा म्हणून जो वॉलब्रो पंप प्रसिद्ध आहे तो तासाला २५५ लिटर देतो, पण सगळ्या दाबांना नाही आणि सगळ्या व्होल्टेजना तर नाहीच. दाब चढला की आकडा उतरत जातो. म्हणून पंप विकत घेताना डब्यावरचा आकडा न बघता आलेख बघायचा आणि आपला दाब, आपलं व्होल्टेज या जागी बोट ठेवायचं.

आपला दाब कुठला? मूळ रेग्युलेटर इंजेक्टरच्या दोन टोकांमध्ये साधारण ३ बारचा फरक ठेवतो. टर्बोने मॅनिफोल्डमध्ये ०.७ बार भरले तर पेट्रोलही तेवढंच वर चढवावं लागतं, म्हणजे ३.७. नाहीतर काय होईल? इंजेक्टरमधून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पेट्रोलचा दाब ३लाच अडकला आणि समोरून ०.७ने हवा ढकलत असली तर उरला फरक २.३. वर्गमूळ काढा: जवळजवळ साडेबारा टक्के पेट्रोल कमी, आणि तेही इंजिनाला सगळ्यात जास्त हवं त्याच क्षणी. हे वर्गमूळ उलट्या बाजूनेही नडतं. छोट्याच इंजेक्टरमधून दुप्पट पेट्रोल काढायचं तर दाब चौपट करावा लागेल. पूर्वी स्वस्तातल्या टर्बो किटमध्ये एक असा रेग्युलेटर देत, जो बूस्टच्या कितीतरी पट दाब चढवायचा. थोड्या बूस्टला ते चालून जाई. पण दाब चढला की पंप देतो कमी, त्यामुळे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं.

तर गरज निघाली: ३.७ बारला तासाला ७३ लिटर. त्यावर वीस टक्के मोकळीक धरली की ८८.

आता गाडीतला पंप देतो किती? इथे मात्र अंदाज नको असं मी ठरवलं होतं. एप्रिलच्या एका शनिवारी गाडी गॅरेजबाहेर मोकळ्यावर काढली. अग्निशामक जवळ, सिगरेटवाला शेजारी लांब. (ताई, हा परिच्छेद सोडून दे.) रेग्युलेटरकडून टाकीकडे परत जाणारी नळी सोडवून पेट्रोलच्या कॅनमध्ये लावली. इंजिन बंद असल्याने इंजेक्टर मिटलेले, त्यामुळे पंपाचं सगळं पेट्रोल त्या नळीतूनच येणार. मियाटाच्या बॉनेटखाली तपासणीची एक डबी असते. त्यातली दोन टोकं वायरने जोडली की इंजिन बंद असतानाही पंप चालतो. माझ्दाची ही सोय मला फार आवडते. बॅटरीला चार्जर लावला. रेग्युलेटरच्या हवेच्या नळीला हातपंप जोडून ०.७ बार भरून ठेवले, म्हणजे टर्बो चालू असल्याचा भास. तीस सेकंद, मग कॅन मोजायचा.

बूस्ट नसताना ७३० मिलिलिटर आलं. ०.७ भरल्यावर ६१०.

भाचेबुवांनी मोबाईलवर गुणाकार केला आणि उडीच मारली. "७३ लिटर! बरोब्बर पुरतंय!"

पुरत होतं. काठावर पास. बोर्डाच्या परीक्षेत पस्तीस मार्क मिळाले तर पेढे वाटतात, पण इथे चौतीस पडले तर पिस्टन जातो. मी मल्टीमीटर काढला. बॅटरीवर १३.४ व्होल्ट. मागे पंपाच्या प्लगवर ११.६. मधले पावणेदोन व्होल्ट कुठे गेले? तीस वर्षं जुन्या बारीक वायरीत आणि काळ्या पडलेल्या जोडांत. त्या आठवड्यात त्याने बॅटरीपासून पंपापर्यंत नवी जाड वायर ओढली, मध्ये फ्यूज आणि रिले. जुनी वायर आता फक्त रिलेला 'चालू हो' एवढंच सांगते. पुढच्या शनिवारी पंपापाशी १३.१ आणि कॅनमध्ये ७०० मिलिलिटर. म्हणजे तासाला ८४ लिटर. पंप तोच! वायरीच्या पैशात अकरा लिटर मिळाले. माझ्या धंद्यात एवढं कुणी मिळवून दिलं तर त्याला बढती देतात.

त्यावर आमचा थोडा वाद झाला. त्याचं म्हणणं, ७३ हवेत, ८४ मिळतायत, कशाला नवा पंप? पैसे त्याचे, त्यामुळे त्याला म्हणायचा हक्क होता. माझं म्हणणं असं की ८४ आज आहेत. एप्रिलच्या गारव्यात, भरलेल्या टाकीवर. जुलैत गरम झालेलं पेट्रोल, थोडा तुंबलेला फिल्टर, अर्ध्या रिकाम्या टाकीत वळणावर बाजूला सरकलेलं पेट्रोल, आणि पंपाचं वय गाडीएवढं असण्याची शक्यता. यातलं प्रत्येक थोडं थोडं खाणार. सरासरी दिवशी गाडी उत्तमच पळेल. पण मोजमाप करायचं ते सगळ्यात वाईट दिवसाचं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "२५५चा घेतो."

तेही नको म्हणालो. पंप चोवीस तास पूर्णच ओततो, इंजिनाला नको असलेलं सगळं रेग्युलेटरमधून परत टाकीत जातं. फार मोठा पंप लावला तर मूळचा छोटा रेग्युलेटर आणि परतीची बारीक नळी तेवढं सोडू शकत नाहीत, आणि गाडी उभी असताना दाब नको तितका चढून बसतो. मग सगळं गणितच हललं. म्हणून त्याच कंपनीचा १९०चा. तो ३.७ बारला किती देतो ते आलेखावर पाहिलं, ८८च्या बराच वर. तो अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायला लावला, कारण या पंपांच्या नकला सर्रास मिळतात आणि डबा हुबेहूब तसाच असतो.

इंजेक्टरचं ठरायचं राहिलं होतं. मी ४४० म्हणत होतो. तेव्हा त्याने हळूच सांगितलं की कॉलेजजवळच्या एका पंपावर ई-८५ मिळतं. म्हणजे बहुतांश इथेनॉल. ते नॉकिंगला फार चांगलं दाबतं, म्हणून टर्बोवाल्यांना आवडतं. पण इथेनॉलला स्वतःसोबत प्राणवायू घेऊन यायची सवय आहे, त्यामुळे तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, तर ई-८५च्या एका भागाला ९.८च्या आसपास. आकारमानात चाळीसेक टक्के जास्त धरा. ३०४ गुणिले १.४, भागिले ०.८५: साधारण ५००. मग ४४० पुरणार नाहीत. हे त्याने आधी सांगितलं असतं तर एक शनिवार वाचला असता! शेवटी तक्त्यासकट येणारे नवे ५५०चे घेतले. पंप १९०चा ई-८५ला धरूनही पुरतो, हेही ताडून पाहिलं. मात्र पंप आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आहेत का हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळेपर्यंत ई-८५ बंद, हा आमचा करार. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा नाही, हा दुसरा.

(पुण्यातल्या मंडळींनाही हे थोडं लागू आहे. आपल्याकडे आता ई-२० पेट्रोल आलंय. त्याचं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे जुन्या गाडीच्या इंजेक्टरला तेवढ्याच हवेसाठी काही टक्के जास्त उघडं राहावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी साध्या चालवण्यात ते स्वतः जुळवून घेते. कुणी जुन्या गाडीत ताकद वाढवायचा उद्योग करणार असेल तर हिशोबात हे धरलेलं बरं. आणि हो, २०१९च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ नोंदीबाहेरचे बदल आपल्याकडे कायद्यात बसत नाहीत.)

मे महिन्यात इंजेक्टर आले. लावण्याआधी चारही एका ठिकाणी मोजायला दिले. चारांमध्ये जेमतेम दोन टक्क्यांचा फरक निघाला. मला या चाचणीचं महत्त्व सगळ्यात जास्त वाटतं आणि सगळ्यात जास्त लोक हीच टाळतात. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला वाइडबँड सेन्सर चारही सिलिंडरांची मिळून हवा चाटतो. तीन सिलिंडर ओले आणि एक कोरडा असेल तर काट्यावर छान साडेअकरा दिसतात. आणि वितळतो तो चौथा.

गेल्या शनिवारी पहिल्यांदा पूर्ण जोर लावला. शेतांमधला सरळ, मोकळा रस्ता, तिसरा गिअर, बूस्ट फक्त ०.४. मी बाजूला लॅपटॉप मांडीवर घेऊन. इंजेक्टर ४७ टक्क्यांवर, रेलचा दाब बूस्टबरोबर इमानाने चढत गेलेला, काटा ११.६वर. उतरून प्लग काढले, चारही एकाच रंगाचे. भाचेबुवांना तिथल्या तिथे ०.७ करून बघायचं होतं. मी म्हटलं, आधी हजार मैल याच्यावर, मग पुन्हा कॅन आणि घड्याळ. त्याने मान डोलावली. पण मेगास्क्वर्टचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.